योगराजचा सकाळचा व्यायाम

डिंडोली, सुरत
१२ जानेवारी २०२५

ताई,

माझा नंबर तू ब्लॉक केलास हे कळलं, म्हणून पत्र. तुझ्या नाशिकच्या लॅबच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पाठवतेय, म्हणजे सही करून घ्यावंच लागेल.

माझं छान चाललंय. हे आधीच सांगून टाकते, कारण तुला उलटं ऐकायची घाई असेल. घर दुसऱ्या मजल्यावर आहे, दोन खोल्या आणि समोर गॅलरी. घरात आम्ही तिघंच. हे, मी आणि सासरे. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. त्यांचं आयुष्य कापड विणायच्या लूमवर गेलं, त्या खडखडाटात कानही गेले. बोलायचं तर ओरडावं लागतं, म्हणून मी फार बोलत नाही. पण माणूस अगदी गरीब. स्वतःचा चहा स्वतः करतात, जेवून झालं की ताट स्वतः धुतात. आपल्या आप्पांनी उभ्या जन्मात कधी ताट उचललंय का?

हे पर्वत पाटियाजवळच्या एका कारखान्यात साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढतात. स्वभाव शांत. तू ‘मुका बैल’ म्हणाली होतीस, तसं काही नाही. लागेल तेवढं बोलतात.

स्वयंपाकघराचं म्हणशील तर हसशील. किती वर्षं बाईचा हात नाही. हळदीच्या डब्यात जिरं, जिऱ्याच्या डब्यात खिळे. दोन दिवस नुसतं घासत होते. मग भरीत केलं, शेवभाजी केली, कळण्याची भाकरी केली. बाबा दोन भाकरी जेवले. यांनी अर्धी खाल्ली आणि म्हणाले, "चांगली झालीय."

यांना व्यायामाचं वेड आहे. पहाटे बूट घालतात आणि तळ्याच्या बागेत चालायला जातात. आल्यावर आंघोळ, काळा चहा आणि कामावर. नाश्ता करत नाहीत. पोहे केले, उपमा केला, इथल्यासारखं खमणसुद्धा शिकले. एक घास तोंडात टाकतात आणि म्हणतात, "चालून आलं की माझी भूक मरते." मी उलटं ऐकलं होतं. पण ज्याची त्याची प्रकृती.

त्या दिवशी अमळनेरला पाहुण्यांसमोर तू विचारलंस, ‘मुलाची आई कशानं गेली?’ बाबा म्हणाले तापानं, स्थळ आणणारे हेमराजकाका म्हणाले हार्ट अटॅकनं, आणि हे पाणी प्यायले. तेवढ्यावरून तू म्हणालीस, या घरात पोरगी देऊ नका. आप्पा तुला नको ते बोलले, तुझ्या मोडलेल्या संसारावरून बोलले. तू पिशवी उचलून निघून गेलीस आणि लग्नालाही आली नाहीस. मी मध्ये बोलले नाही हे खरं. पण आता बघ, महिना झाला, सगळं नीट आहे.

इथे कोवळ्या ज्वारीचा पोंक मिळतोय. तुला आवडला असता.

तुझी,
नूतन

—

डिंडोली
९ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पोस्टाची पावती आली, म्हणजे पत्र पोचलं.

एक विचारायचं होतं. तू लॅबमध्ये असतेस, तुला माहीत असेल. एखादा माणूस रोज पहाटे तासभर चालतो, सकाळी काही खात नाही, रात्री अर्धी भाकरी खातो, दुपारी फक्त मी दिलेला डबा. तो माणूस जाड होईल का? यांची लग्नातली पँट आता लागत नाही. परवा बटण तुटलं, मी शिवून दिलं. म्हणाले, "तुझ्या हातचं खाऊन." मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या हातचं ते खातात कुठे?

मी काही संशय घेत नाहीये. नुसतं बघतेय.

बूट बघते. तळ्याच्या बागेत लाल माती आहे, मी भाजी आणायला जाते तेव्हा माझ्या चपलेला लागते. यांच्या बुटांना नसते. टी-शर्ट बघते. घामाचा वास असतोच, पण त्याच्यावर धुराचा असतो. गॅसच्या घरात धूर कुठून येणार? चुलीच्या धुराचा वास आपल्याला कळतो, आजोळी आपण त्यातच वाढलो. आणखी एक वास असतो, लसूण घालून तापवलेल्या तेलाचा. मी विचारलं, "हा कसला वास?" तर म्हणाले, "बागेशेजारी पालापाचोळा जाळतात." पाचोळ्यात लसूण कोण घालतं?

शेजारी मालतीबाई राहतात, नंदुरबारकडच्या. त्यांना सहज म्हटलं की आमचे हे रोज बागेत चालायला जातात. त्या लसूण सोलत होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "आमना ह्या रोज तठे जातस. त्यासले तुना नवरा कधीच दखायना नही." मग माझं तोंड बघून घाईघाईनं म्हणाल्या, "मोठी बाग शे. दुसऱ्या बाजूले चालत असतीन." ताई, बाग एवढीशी आहे. एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू येतं.

आणि अजून एक. सासूबाईंचा फोटो घरात नाही. हार घातलेला नाही, बिनहाराचाही नाही. मी बाबांना ओरडून विचारलं, "सासूबाईंचा फोटो कुठे आहे?" ते म्हणाले, "चहा पिधा मी." त्यांना ऐकू आलं नाही की ऐकायचं नव्हतं, ते कळलं नाही.

तुला वाटेल मी तुझीच री ओढतेय. तसं नाही.

नूतन

—

डिंडोली
६ मार्च

ताई,

मी यांच्याबरोबर व्यायामाला जायला लागले.

आदल्या रात्री सांगितलंच नाही. पहाटे हे बूट घालायला बसले तेव्हा मी पंजाबी ड्रेस घालून, ओढणी बांधून तयार. म्हटलं, "मीपण येते. माझंही वजन वाढतंय." यांचा चेहरा असा झाला की जणू मी दारात पोलीस आणून उभा केलाय. मग म्हणाले, "चल की."

आठवडाभर आम्ही दोघं बागेत चाललो. मालतीबाईंच्या यजमानांनी यांना पहिल्यांदाच बघितलं, हात केला. हे चालायचे भरभर, मी मागे धावायचे. एकदाही माझ्याशी बोलले नाहीत, सारखं घड्याळ बघायचे. आणि त्या आठवड्यात गंमत झाली. घरी आलं की सपाटून भूक. पोहे दोनदा मागून घेतले, भाकरी खाल्ली. मी म्हटलं, "आता नाही का भूक मरत?" तर घड्याळ बघत उठले.

चिडचिड मात्र वाढली. एवढा शांत माणूस, पण रुमाल सापडला नाही म्हणून कपाटाचं दार आपटलं. एका रात्री जेवताना मी म्हटलं, उद्यापण जाऊ ना चालायला? तेवढ्यात ताट हातातून सटकलं. भाजी फरशीवर, भाकरी बाबांच्या पायाशी. मी पुसून घेतलं. बाबा कसे बघत होते ते विचारू नकोस. जणू त्यांच्याच हातून सांडलं.

दुसऱ्या दिवशी हे गॅलरीत फोनवर बोलत होते. माझ्यापासून लपवायचं असलं की गुजरातीत बोलतात. त्यांना वाटतं मला येत नाही. मी रोज भाजीवाल्यांशी गुजरातीत घासाघीस करते हे त्यांना कुठे माहीत? म्हणाले, "तमे जमी लेजो, मारी राह ना जोता." तुम्ही जेवून घ्या, माझी वाट बघू नका.

म्हणजे कुणीतरी यांच्यासाठी जेवायचं थांबतं. रोज. चुलीवर रांधून.

मी रात्रभर हाच विचार केला, की ‘तमे’ का म्हणाले? माझ्याहून मोठी असेल. विधवा असेल. माझ्या गॅसवर फुगवलेल्या भाकरीपेक्षा तिची भाकरी यांना गोड लागत असेल. ताई, दुसरी बाई असली तर माणूस तिच्याकडे जेवायला जातो का गं? हे तुलाच विचारू शकते. आईला विचारलं असतं तर म्हणाली असती, जेवतोच आहे ना फक्त, मग काय बिघडलं?

मी चालायला जाणं बंद केलंय. पाय दुखतात असं सांगितलं. हे परत एकटे जातात. नाश्ता परत बंद.

नूतन

—

डिंडोली
३० मार्च

ताई,

मी त्याच्या मागे गेले.

बूट घालून तो खाली उतरला, मी जिन्यात थांबले, मग निघाले. तो बागेकडे वळलाच नाही. मोठ्या रस्त्यावर जाऊन भेस्तानच्या रिक्षात बसला. मी मागच्या रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, उस रिक्षा के पीछे चलो." त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं. "घरवाला है?" मी म्हटलं, "भाई है." तो हसला नाही. चांगला माणूस होता.

भेस्तानला रुळांच्या पलीकडे पत्र्याच्या खोल्यांची एक रांग आहे. योगराज सरळ शेवटच्या खोलीकडे गेला, रोजच्या वाटेनं जातो तसा, समोर न बघता. मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले. खोलीबाहेर आडोशाला चूल पेटलेली. एक बाई पाठमोरी बसून भाकरी थापत होती. हातात हिरव्या बांगड्या, जांभळं पातळ. थापण्याचा आवाज मला तिथपर्यंत येत होता. योगराज काहीतरी बोलला आणि ती हसली. तोही हसला. ताई, घरात मी त्याचं हसणं एकदाही ऐकलं नाहीये. माझ्या हातातली ओढणी मी पिरगळून टाकली.

मग त्यानं आतून एका माणसाला धरून आणलं. साठीचा असेल. उजवं अंग लुळं पडलेलं, तोंडही एका बाजूला ओढलेलं. योगराजनं त्याला खाटेवर बसवलं, वाटीतलं तेल घेऊन हात चोळला, पाय चोळला. मग बगलेत हात घालून उभं केलं. भिंतीला एक दोरी बांधलेली होती. तिला धरून तो माणूस पाय ओढत चालायला लागला, आणि योगराज त्याच्याबरोबर उलटा चालत. "चला काका. डावा. आता उजवा. उजवा, काका, उजवा. असं." माणूस कोसळायला यायचा, हा सगळं वजन अंगावर घ्यायचा. त्याचा टी-शर्ट पाठीला चिकटला होता. म्हणजे व्यायाम खराच होता.

तेवढ्यात बाई मागे वळली. पदरानं कपाळ पुसताना तिनं मला बघितलं.

ताई, तोच चेहरा. तीच हनुवटी, तशाच जोडलेल्या भुवया. योगराजला बांगड्या आणि कुंकू लावलं तर तो असाच दिसेल. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. तुझाच प्रश्न डोक्यात वाजत होता, मुलाची आई कशानं गेली. कशानंच नाही. ती समोर बसून भाकरी थापत होती.

ती म्हणाली, "नूतन शे ना तू?" माझं नाव तिला माहीत होतं. "ये. बस. भाकर गरम शे."

योगराज त्या माणसाला धरून तसाच उभा. सोडलं तर तो पडेल, नाही सोडलं तर माझ्याकडे येता येत नाही. मी वळले आणि चालत सुटले. कुठे चाललेय ते बघितलंच नाही, डिंडोलीला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं.

संध्याकाळी तो आला. म्हणाला, "तुला सांगणार होतो."

"कधी?"

"हळूहळू."

"आई हळूहळू जिवंत होते का रे?" मी त्याला ‘रे’ म्हटलं, तोंडातून गेलं.

मग त्यानं सांगितलं. त्याची आई सरलाबाई अकरा वर्षांपूर्वी घर सोडून त्या माणसाकडे राहायला गेली. नागनाथ त्याचं नाव. नांदेडकडचा, बौद्ध समाजातला, एका कारखान्यात पॅकिंगला होता. बाबांनी योगराजला देवासमोर शपथ घातली, ती मेली म्हणून सांगायचं. हेमराजकाकांनी स्थळ जुळवताना हेच सांगितलं, नाहीतर पोरगी कोण देईल? वर्षभरापूर्वी नागनाथला लकवा झाला. तेव्हापासून हा रोज पहाटे जातो. आणि आई याला जेवल्याशिवाय सोडत नाही, आणि याच्याआधी स्वतःही जेवत नाही.

मी विचारलं, "बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"त्यांना फसवतोस, मला फसवतोस, मी रांधलेलं खाल्ल्यासारखं करतोस. खरं कुणाशी वागतोस?"

तो जमिनीकडे बघत होता. मुका बैल, ताई. तू बरोबर होतीस.

नूतन

—

डिंडोली
२० एप्रिल

ताई,

या घरात कोण काय जाणतं आणि काय लपवतं याचा मला पत्ता लागत नाही. मालतीबाई बोलता बोलता थांबल्या की वाटतं त्यांनाही माहीत आहे. हेमराजकाकांचा फोन आला, मी उचलला तर म्हणाले, "बेटा, सुखी ना?" ‘ना’ असा लांबवला की मला वाटलं चाचपून बघतायत. बाबा माझ्याकडे बघत नाहीत. म्हणून मी परत भेस्तानला गेले. या वेळी एकटी, दुपारी, न लपता.

सरलाबाई दारात साड्या घेऊन बसल्या होत्या. भरतकामाचे मागचे लोंबते धागे कापायचं काम करतात, सगळी गल्लीच करते. नागनाथ खाटेवर झोपले होते. माझ्यासाठी त्यांनी पाणी ठेवलं आणि कात्री बाजूला केली नाही. मला ते आवडलं. रडायला लागल्या असत्या तर मी उठून आले असते.

मी सरळ विचारलं, का गेलात?

त्या म्हणाल्या की भिकन, म्हणजे आमचे बाबा, लूमवरून यायचा तेव्हा त्याच्या डोक्यात मशीन चालूच असायचं. मीठ कमी, ताट लोटलं. भाकरी गार, ताट लोटलं. काहीच चूक नाही, तरी लोटलं. मारलं नाही कधी. नुसतं ताट. मग त्या फरशी पुसायच्या आणि पुन्हा चूल पेटवायच्या. एका पावसाळ्यात त्यांना मलेरिया झाला. भिकन हॉटेलात जेवून यायचा, योगराजला बरोबर न्यायचा. अंथरुणातल्या बाईला कुणी विचारलं नाही. नागनाथ तेव्हा कारखान्यातून धागे कापायच्या साड्या घेऊन यायचे. त्यांनी दारातून बघितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांची वहिनी मीराबाई खिचडीचा डबा आणायला लागली. बऱ्या झाल्यावर सरलाबाईंनी तो डबा धुऊन परत केला, आणि सहा महिन्यांनी स्वतःच गेल्या. "लोके म्हनतस प्रेम व्हतं. नव्हतं तवय. नंतर व्हयनं."

पोराला का सोडलं, हे मी विचारलं. त्यांनी कात्रीनं एक धागा कापला, मग दुसरा. म्हणाल्या, तो पंधरा वर्षांचा होता, मी म्हटलं चल, तो म्हणाला नाही येत. एवढंच.

मग त्यांनी मला विचारलं, "त्यानं तुनं ताट लोटं का कधी?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, भिकननं पहिल्यांदा लोटलं तेव्हा सासूनं मला विचारलं होतं, हे काय झालं? मी सांगितलं, हातातून सटकलं.

ताई, मार्चच्या पहिल्या पत्रात मी तुला हाच शब्द लिहिलाय. ताट सटकलं नव्हतं. त्यानं लोटलं होतं. दोन्ही हातांनी.

आता मी रोज जेवताना त्याच्या हातांकडे बघते. तो शांत असतो. आवाज चढवत नाही. पण बाबाही आता शांतच आहेत ना? माणूस कुठल्या वयात शांत असतो आणि कुठल्या वयात लोटतो, हे कसं ओळखायचं? त्यानं पाणी मागितलं तरी माझा हात थांबतो. त्यालाही कळलंय मी काय बघते ते. परवा म्हणाला, "मी बाबांसारखा नाही." मी म्हटलं, "हे तू मला का सांगतोयस? मी विचारलं नव्हतं."

नूतन

—

डिंडोली
११ मे

ताई,

खूप झालं आहे. क्रमानं लिहिते.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी जेवायला वाढलं आणि मी बाबांना म्हटलं, "मी सासूबाईंना भेटून आले."

"काय?"

मी मोठ्यानं म्हटलं. "सासूबाईंना भेटले!"

"कोनले?"

मग मी ओरडले. "सरलाबाईंना! भेस्तानला! जिवंत आहेत त्या!" खालच्या मजल्यावरचा टीव्ही कुणीतरी बारीक केला. मालतीबाईंच्या घरातली भांडी वाजायची थांबली. ताई, एवढी वर्षं कुजबुजत जपलेली गोष्ट मला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावी लागली, आणि अख्ख्या बिल्डिंगनं ती ऐकली.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला. मला वाटलं आता ताट जातंय. मी भिंतीला लागून उभी राहिले.

ते म्हणाले, "कान गयात. डोया शेतस ना. पोऱ्या रोज तठे जास, माले माहीत शे."

योगराजचा घास तोंडात तसाच. आईकडे जाताना बापाला चुकवतोय असं त्याला वाटत होतं, आणि बाप रोज पहाटे जागा राहून दार लागल्याचं बघत होता.

मी विचारलं, "तुम्ही ताट लोटायचात का?" हे मी ओरडले नव्हते. तरी त्यांना कळलं. उठले, मोरीवर जाऊन ताट घासलं. पाठमोरे म्हणाले, "ती गयी तवयपासून मीच धुस." मला दया आली नाही, खरं लिहिते. ज्या वेळी धुवायला हवं होतं त्या वेळी नाही धुतलं.

बिल्डिंगमधून ही बातमी अमळनेरला पोचायला एक दिवस लागला. गुरुवारी आप्पा आले, हेमराजकाकांना बरोबर घेऊन. चपला न काढता म्हणाले, "बॅग भर. खोटं सांगून लग्न लावलं यांनी." हेमराजकाका खिडकीतून खाली बघत होते, जणू त्यांचा यात काही संबंधच नाही.

मी म्हटलं, "आप्पा, बसा." मग योगराजकडे वळले. "तुमची आई आहे की नाही, हे माझ्या वडिलांना सांगा. मी नाही सांगणार."

मला वाटलं हा आता पाणी पिईल. तो उभा राहिला. आवाज चिरकला, पण म्हणाला, "आहे. सरलाबाई नाव. भेस्तानला राहते. मी तुमच्याशी खोटं बोललो. हेमराजकाका बोलले, बाबा बोलले, पण लग्न माझं होतं."

आप्पांनी काय विचारलं असेल? "तो माणूस कोणत्या समाजाचा?" पोरीला फसवलं हे एका वाक्यात संपलं, आणि मग हे.

योगराज म्हणाला, "मी त्यांना काका म्हणतो. रोज सकाळी त्यांना चालवतो. आता दोरीवरचा डावा हात सोडला तरी उभे राहतात."

आप्पा मला म्हणाले, "ऐकलंस? चल."

मी गेले नाही. का, ते मलाही धड सांगता येणार नाही. विश्वास बसला म्हणून नाही. मी आप्पांना म्हटलं, "मला निघावंसं वाटलं तर मी माझी निघेन. तुम्ही न्यायला यायची वाट नाही बघणार. आणि अमळनेरला येईनच असंही नाही." आप्पा जेवले नाहीत. दुपारच्या गाडीनं गेले.

त्या संध्याकाळी मी योगराजला सांगितलं. त्यानं एकदा ताट लोटलंय. दुसऱ्यांदा लोटलं तर मी पुसणार नाही, परत रांधणार नाही, तशीच उठून जाईन. आणि मलेरिया होऊन कुणाच्या डब्याची वाट बघत बसणार नाही. तो म्हणाला, "कळलं." मग म्हणाला, "त्या रात्री हातच वर कसे गेले, मलाच कळलं नव्हतं. तेव्हापासून भीती वाटते." त्याच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य, जे मला खरं वाटलं. तरी मी त्याला तसं म्हटलं नाही.

सध्या असं आहे. पहाटे तो उघड सांगून जातो. आठवड्यातून दोनदा मीही जाते. सरलाबाईंना सांगितलंय, त्याला एकच भाकरी द्या, आणि तुम्ही आधी जेवा. त्यांना राग आला, पण ऐकलं. घरी तो नाश्ता करतो. रविवारी स्वयंपाक त्याच्याकडे. पहिल्या रविवारी खिचडी करपवली, तिघांनीही खाल्ली. बाबा अजून भेस्तानला गेलेले नाहीत आणि मी त्यांना जा म्हणत नाही.

ताई, आता माझं काम. आप्पांना मी ‘माझी निघेन’ असं म्हटलं तेव्हा माझ्या मनात तुझं घर होतं. तुला न विचारता. सहा पत्रं झाली, तू एका ओळीनं उत्तर दिलं नाहीस. नको म्हणायचं असेल तर नको म्हण, मी दुसरी सोय बघेन. पण मला कळायला हवं.

नूतन

—

नाशिक
१९ मे

नूतन,

सहाही पत्रं मिळाली. उत्तर का दिलं नाही ते ऐक. पहिलं पत्र वाचून मला वाटलं, कुणीतरी शेजारी बसून लिहून घेतलंय. ‘माझं छान चाललंय’ असं तू कधी बोलत नाहीस. माझं उत्तर त्याच्याच हातात पडेल असं वाटलं. तिसऱ्या पत्रात ‘ताट सटकलं’ वाचलं तेव्हा शब्द तुझेच आहेत हे कळलं. तू लहानपणी खोटं बोलायचीस तेव्हा असाच दोष वस्तूवर टाकायचीस. त्याच दिवशी निघणार होते, तिकीटही काढलं. मग म्हटलं, मी आले तर तू माझ्या डोळ्यांनी बघशील आणि माझ्या तोंडानं बोलशील. माझ्या संसारात सगळ्यांनी तेच केलं होतं. म्हणून तिकीट रद्द केलं. बरोबर केलं की चूक, माहीत नाही. रोज वाईट वाटायचं.

माझ्या घराची एक किल्ली या पाकिटात आहे. तुझीच. ती कुठे ठेवलीस ते कुणाला सांगायची गरज नाही, योगराजलाही नाही. तो खरा निघाला तर तुझ्याकडे एक किल्ली जास्तीची राहील, त्यानं काही बिघडत नाही.

तुझ्या नवऱ्यावर माझा विश्वास नाही. नागनाथांना चालवतो ते चांगलं करतो. पण परक्याच्या अंगणात चांगलं वागणारे पुष्कळ बघितलेत. मला त्याला घरी, रोजच्या जेवणाला, भुकेला असताना बघायचंय. शनिवारी दुपारी येते, आठ दिवस राहीन. माझ्यासाठी वेगळं काही करू नकोस.

आणि रविवारी मला भेस्तानला ने. सरलाबाईंना मला एकच विचारायचंय. पहिल्यांदा ताट लोटलं आणि त्या घरातून निघाल्या, यांच्यामध्ये किती वर्षं गेली, आणि ती त्यांनी कोणत्या आशेवर काढली? त्या जे सांगतील ते तू समोर बसून ऐक. मग ठरव.

ताई